भिंग आधी, चित्र मागाहून

माझ्याकडचं पहिलं ‘लिथोग्राफ’ (दगडावर काढून छापलेलं चित्र) हे लिथोग्राफ नव्हतंच. काळी फ्रेम, खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीची सही, डावीकडे ८६/३०० असा आकडा आणि मागे चिकटवलेलं सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र. दोन वर्षं मी ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला कौतुकाने दाखवत होते. मग एका मुद्राचित्रकार (ठशावरून चित्रं छापणाऱ्या) मैत्रिणीने पर्समधून भिंग काढलं, चित्रावर धरलं आणि काही न बोलता माझ्या हातात दिलं. निळ्या आकाशात बारीक ठिपक्यांच्या शिस्तबद्ध रांगा दिसत होत्या, छापील मासिकातल्या फोटोत असतात तशा. कुठल्या तरी तैलचित्राचा फोटो काढून तो ऑफसेटवर, म्हणजे मासिकं छापतात त्या यंत्रावर, छापलेला होता. सही मात्र खरी होती! विकणाऱ्याने बिलावर ‘लिमिटेड एडिशन प्रिंट’ एवढंच लिहिलं होतं, ‘लिथोग्राफ’ हा शब्द तो नुसता तोंडाने बोलला होता. आणि मी काहीच विचारलं नव्हतं.

तेव्हापासून कुठल्याही कागदासमोर उभी राहिले की एक प्रश्न आधी विचारते: ही शाई या कागदावर आली कशी, आणि ती येताना कलाकार कुठे होता? नवीन संग्राहकाला लागणारं बहुतेक ज्ञान या प्रश्नाच्या उत्तरात बसतं. किंमत, सही, आकडे, प्रमाणपत्र हे सगळं त्याच्या मागून येतं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पायरी १: काही महिने फक्त बघा

पैसे खिशातच राहू द्या. चित्रं बघा, आणि शक्य असेल तेव्हा काचेशिवाय बघा. बऱ्याच जणांना माहीत नसतं की मोठ्या संग्रहालयांमध्ये मुद्राचित्रं आणि रेखाटनांसाठी वेगळी अभ्यासिका असते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अशी खोली आहे. आधी वेळ ठरवून गेलात, तर पेटीतून काढलेलं मूळ मुद्राचित्र समोर टेबलावर येतं. तिथे जाणं जमणार नसेल तर ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने आपल्या संग्रहातल्या, कॉपीराइटची मुदत संपलेल्या हजारो कलाकृतींच्या मोठ्या आकाराच्या प्रतिमा इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत. डच चित्रकार रेम्ब्रांटची एचिंगमधली (तांब्याच्या प्लेटवर काढून छापलेल्या चित्रातली) रेघ पडद्यावर इतकी मोठी करून बघता येते की तांब्यावर सुई कुठे अडखळली तेही कळतं.

बघताना एक वही ठेवा. ‘आवडलं’ एवढं लिहून भागणार नाही. माध्यम, आकार, वर्ष आणि आपल्याला नेमकं काय धरून ठेवतंय ते दोन ओळींत लिहा. दोन-तीन महिन्यांनी वही चाळलीत की तुमची आवड तुम्हालाच नव्याने कळते. मला स्वतःला निसर्गचित्रं आवडतात असं वाटायचं, वहीत मात्र पानोपानी काळ्या-पांढऱ्या रेघांची नोंद होती. तेव्हा रंगीत चित्राचा नाद सोडला तो कायमचा.

पायरी २: ‘मूळ’ म्हणजे काय ते पक्कं करा

तैलचित्र, जलरंग, कोळशाचं रेखाटन यांत अडचण नाही. चित्र एकच आहे आणि ते तुमच्यासमोर आहे. मुद्राचित्र आलं की नवा माणूस गोंधळतो. पन्नास प्रती आहेत, मग ‘मूळ’ कुठली? उत्तर असं की पन्नासही मूळ आहेत. कलाकाराने लाकडाच्या ठशावर, तांब्या-जस्ताच्या प्लेटवर, दगडावर किंवा जाळीवर जे काम केलं ते छापण्यासाठीच केलं. ते चित्र पूर्ण होतं ते कागदावर उमटल्यावरच. लाकडावर तर ते उलटं असतं!

प्रतिकृतीची गोष्ट वेगळी. तिचं मूळ दुसरीकडे कुठेतरी भिंतीवर टांगलेलं आहे, तुमच्या हातात त्याचा फोटो आहे. तो फोटो कितीही उत्तम कागदावर छापला, त्याच्या दोनशेच प्रती काढल्या, त्यावर चित्रकाराने सही केली, तरी तो फोटोच राहतो. प्रतिकृती घेण्यात कमीपणा नाही. घरात छान दिसते, जरूर घ्या. पैसे मात्र प्रतिकृतीचेच द्या.

‘कलाकाराने सगळं स्वतःच्या हाताने करायला हवं’ असा हट्ट मात्र धरू नका. होकुसाईची ती प्रसिद्ध लाट, साधारण १८३१ सालची, त्याने ना स्वतः कोरली ना स्वतः छापली. जपानमध्ये त्या काळी चित्रकार रेखाटन द्यायचा, कोरणारा ते लाकडात उतरवायचा, छापणारा रंग चढवायचा आणि या सगळ्यांवर प्रकाशक असायचा. आजही लिथोग्राफ किंवा मोठं एचिंग करताना चित्रकारासोबत कसबी छपाईकार असतो, आणि चांगल्या कार्यशाळा कागदाच्या कोपऱ्यात आपला कोरा उठावाचा शिक्का मारतात. तो शिक्का दिसला की मला बरंच वाटतं, कारण चौकशी करायला एक पत्ता मिळतो.

पायरी ३: दहा पट भिंग घ्या आणि वापरायला शिका

सोनार किंवा घड्याळजी वापरतात तसलं छोटं, दहा पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. माझ्या मते या छंदातली ही सर्वांत फायद्याची खरेदी. भिंग डोळ्याजवळ धरा, मग डोकं कागदाकडे न्या. सुरुवातीला घरातलं मासिक, पोस्टाचं तिकीट, नोट, जे हाताशी असेल ते बघा. डोळा तयार व्हायला आठवडा पुरतो.

वुडकट (लाकडात कोरलेलं) किंवा लिनोकटमध्ये (लिनोलियममध्ये कोरलेलं) कोरून उरलेल्या उंच भागाला शाई लागते. दाबाने ती कडेला सरकते, म्हणून भिंगातून रेघेच्या काठाला शाईची जरा गडद किनार दिसते. कागद उलटा करून तिरक्या उजेडात धरला की मागे हलका उठाव जाणवतो. जर्मन चित्रकार ड्यूररचा १५१५ सालचा गेंडा याच पद्धतीचा. (त्याने तो प्राणी कधी पाहिलाच नव्हता. कुणाच्या पत्रातलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन यांवरून त्याने चिलखत घातल्यासारखा गेंडा काढला, आणि युरोपने पुढे कित्येक पिढ्या तोच खरा मानला.)

एचिंग, एन्ग्रेव्हिंग, ड्रायपॉइंट, ॲक्वाटिंट ही सगळी, धातूच्या प्लेटवर खाचा पाडून छापायच्या पद्धती, एका घरची भावंडं. इथे उलटा कारभार. शाई खोदलेल्या खाचांत भरतात, प्लेटचा पृष्ठभाग पुसून घेतात आणि ओला कागद प्रचंड दाबाखाली रोलरमधून काढतात. कागद खाचेत शिरून शाई उचलून आणतो. म्हणून रेघ कागदावर किंचित वर आलेली असते, स्वच्छ बोटाला तिचा खरखरीतपणा कळतो (दुसऱ्याच्या चित्राला मात्र बोट लावू नका). चित्राभोवती प्लेटच्या कडेचा दबलेला चौकोन दिसतो, त्याला प्लेटमार्क म्हणतात. पण प्लेटमार्क दिसला म्हणून लगेच हुरळून जायचं नाही. ऑफसेटच्या प्रतीवर नंतर कोरी प्लेट दाबून खोटा चौकोन उमटवणारेही असतात. निर्णय भिंगानेच करायचा.

लिथोग्राफची युक्ती आलोइस सेनेफेल्डरने बव्हेरियात १७९६ च्या सुमारास शोधली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्यावर ती उभी आहे. चुनखडीच्या सपाट दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, तेलकट शाई फिरवायची. शाई चित्रावर बसते, ओल्या भागावर बसत नाही. इथे खोदकाम नाही, म्हणून उठावही नाही आणि खोल दाबही नाही. भिंगातून दगडाच्या कणांवरून खडू घासल्यासारखी अनियमित, रवाळ पोत दिसते. ही अनियमितता लक्षात ठेवा. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये काढलेल्या छापखान्यातली देवदेवतांची चित्रं हीसुद्धा दगडावरून छापलेली होती, प्रत्येक रंगाला वेगळा दगड लावून. ती भिंगातून बघितलीत तर हाताने टिंबं देऊन रंगछटा कशा साधल्या आहेत ते दिसतं. ती तैलचित्रांवरून तयार केलेली असली, तरी आज स्वतंत्रपणे जमवली जातात. म्हणजे ‘मूळ की प्रतिकृती’ ही रेषा इतिहासात नेहमीच इतकी ठळक नव्हती.

स्क्रीन प्रिंटमध्ये जाळीतून रंग ढकललेला असतो, तो कागदावर जाडसर, सपाट थरासारखा बसतो. तिरक्या उजेडात थराची कड दिसते. अमेरिकन कलाकार वॉरहॉलने १९६२ पासून हे तंत्र उचललं आणि कारखान्यातलं तंत्र गॅलरीत आलं.

आता ऑफसेट. त्यात चार रंगांचे ठिपके ठरावीक कोनांत मांडलेले असतात आणि त्यांची छोटी फुलं जमून येतात. ही फुलं दिसली की बहुतेक वेळा तुमच्यासमोर प्रतिकृती आहे. ‘बहुतेक वेळा’ म्हणते, कारण काही कलाकार मुद्दाम फोटोचे ठिपके वापरतात आणि वॉरहॉलच्या स्क्रीन प्रिंटमध्येही फोटोचे ठिपके आहेतच. त्यामुळे ठिपके दिसले की पुढचे प्रश्न विचारायला लागायचं.

राहिला ‘जिक्ले’. नाव फ्रेंच आहे, ऐकायला भारी वाटतं, पण ते १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका छपाईकाराने शोधलेलं आहे. अर्थ साधा: इंकजेट प्रिंट. भिंगातून रांगा नसलेली शाईची बारीक फवारणी दिसते. कलाकाराने चित्र संगणकावरच केलं असेल आणि कागदावर यायचा त्याला तोच मार्ग असेल, तर ते मूळ म्हणायला माझी ना नाही. तैलचित्राचं जिक्ले ही मात्र प्रतिकृतीच.

पायरी ४: समासातली पेन्सिल वाचा

१२/५० म्हणजे पन्नास प्रतींच्या आवृत्तीतली बारावी. लहान आकडा जास्त मौल्यवान, ही समजूत बाजारात फार चालते. ती जवळजवळ निराधार आहे, कारण छापलेल्या प्रती एकावर एक ठेवून वाळवतात आणि आकडे नंतर बसून घालतात, तेव्हा पहिली छापलेली प्रत चाळिसावी असू शकते. अपवाद ड्रायपॉइंटचा. त्यात सुईने तांबं उकरताना रेघेच्या बाजूला धातूची बारीक कड उभी राहते. ती शाई धरते म्हणून रेघ मखमली दिसते. प्रत्येक छपाईला ती कड दबत जाते आणि काही डझन प्रतींत मखमल संपते. तिथे लवकर छापलेली प्रत खरोखरच सरस असते, पण तेही आकड्यावरून ठरवायचं नाही, रेघ बघून ठरवायचं.

‘ए. पी.’ किंवा फ्रेंचमध्ये ‘ई. ए.’ असं असेल तर ती कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत. ‘पी. पी.’ छपाईकाराची, ‘एच. सी.’ विक्रीसाठी नसलेली (जी पुढेमागे विकली जातेच), आणि ‘बी. ए. टी.’ म्हणजे ‘हे असंच छापा’ असं कलाकाराने पसंत केलेली नमुन्याची प्रत. या साऱ्या प्रती आवृत्तीच्या आकड्याबाहेरच्या. म्हणून विक्रेत्याला विचारा: पन्नास सोडून आणखी किती? पाच-सहा ए. पी. हे ठीक. चाळीस म्हणाला तर आवृत्ती नव्वदची झाली. त्याच चित्राच्या दुसऱ्या कागदावर, दुसऱ्या आकारात, दुसऱ्या देशासाठी वेगळ्या आवृत्त्या आहेत का, हेही विचारायचं.

पेन्सिलीची सही आणि आकडा ही पद्धत फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिस्लरसारख्यांनी सहीचा पायंडा पाडला आणि आकडे सर्रास झाले ते विसाव्या शतकात. त्यामुळे रेम्ब्रांटच्या एचिंगवर पेन्सिलीने ४/१०० लिहिलेलं दिसलं, तर हसून पुढे जा.

सही खरी असली तरी काम भागत नाही, हे माझ्या भिंतीने मला शिकवलंच. त्याचं टोकाचं उदाहरण साल्वादोर दालीचं. उतारवयात त्याने कोऱ्या कागदांवर सह्या केल्या, हजारोंनी. १९७४ मध्ये फ्रान्सच्या सीमेवर अशा कागदांनी भरलेला ट्रकच अडवला गेला. त्या कोऱ्या कागदांवर पुढे काय छापलं जाईल, हे सही करणाऱ्या हाताच्या आवाक्यात नव्हतं. म्हणून नवख्याने दालीच्या उशिराच्या प्रिंट्सच्या वाटेला जाऊच नये, हे माझं स्पष्ट मत.

पायरी ५: कधी छापलं, ते विचारा

चित्र कधी काढलं आणि ही प्रत कधी छापली, या दोन तारखा वेगळ्या असू शकतात. जुन्या मुद्राचित्रांत सगळी गंमत आणि सगळा धोका इथेच आहे. रेम्ब्रांटने सुमारे ३०० एचिंग केली, तो १६६९ मध्ये गेला, पण त्याच्या तांब्याच्या प्लेटा मागे राहिल्या. त्या एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकल्या गेल्या, झिजलेल्या रेघा पुन्हा कोरल्या गेल्या आणि काहींवरून तर विसाव्या शतकातही छपाई झाली. या सगळ्या शतकांतल्या प्रतींना लोक ‘रेम्ब्रांटचं एचिंग’ म्हणतात. भावात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर.

ठसा झिजतो, तडकतो, किडतो, आणि त्याच्या खुणा प्रतीवर उमटतात. ड्यूररच्या गेंड्याच्या लाकडाला पुढे तडा गेला. नंतरच्या प्रतींत तो गेंड्याच्या पायांतून आरपार गेलेला दिसतो. होकुसाईच्या लाटेत शीर्षकाच्या चौकटीची रेघ आधीच्या प्रतींत अखंड आहे, उशिराच्या प्रतींत तुटलेली. अभ्यासक अशा तुटक रेघांवरूनच प्रतींची क्रमवारी लावतात.

मरणोत्तर छपाई म्हणजे फसवणूक असं मात्र नाही. स्पॅनिश चित्रकार गोयाची युद्धाच्या भीषणतेवरची मालिका पहिल्यांदा प्रकाशित झाली १८६३ मध्ये, तो गेल्यानंतर पस्तीस वर्षांनी. तिची पहिली आवृत्तीच मरणोत्तर आहे. वर्णनात ते उघड लिहिलेलं असावं, इतकीच आपली अपेक्षा.

हे सगळं शोधायचं कुठे? मोठ्या कलाकारांच्या प्रत्येक मुद्राचित्राची क्रमांकवार सूची झालेली असते. रेम्ब्रांटच्या एचिंगची पहिली सूची १७५१ मध्येच निघाली. अशा सूचीत चित्राचा आकार मिलिमीटरमध्ये, प्लेटमध्ये झालेले टप्प्याटप्प्याचे बदल, कागद आणि आवृत्ती दिलेली असते. या टप्प्यांना ‘स्टेट’ म्हणतात. विक्रेत्याने सूचीचा क्रमांक आणि स्टेट दोन्ही सांगितलं तर त्याला आपलं काम कळतं असं धरायला हरकत नाही.

लिलावाच्या किंवा दुकानाच्या वर्णनातले छोटे शब्दही नीट वाचा. नुसतं कलाकाराचं नाव असेल तर चित्र त्याचं असं विक्रेता म्हणतोय. ‘अट्रिब्यूटेड टू’ म्हणजे त्याचं असावं असा अंदाज. आणि ‘आफ्टर’ म्हणजे दुसऱ्याने त्याच्या चित्रावरून केलेलं. या एका शब्दावर कितीतरी जण ठेचकाळले आहेत.

पायरी ६: फ्रेममधून बाहेर काढून बघा

काचेमागचं चित्र म्हणजे अर्धंच चित्र. घेण्याआधी ते बाहेर काढून दाखवायला सांगा. विक्रेता नाही म्हणाला, तर मी नमस्कार करून निघते.

बाहेर आल्यावर समास बघा. फ्रेममध्ये बसवायला ते कापले असतील तर किंमत घसरते. माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) खिडकीच्या कडेने तपकिरी पट्टा उमटला असेल तर माउंट आम्लयुक्त पुठ्ठ्याचा होता. तांबूस ठिपके दमटपणाचे. रंग उडालाय का हे ओळखायची सोपी जागा म्हणजे माउंटखाली झाकला गेलेला भाग: तिथला रंग आणि उघड्यावरचा रंग शेजारी ठेवून बघा. मागे चिकटपट्टीचे पिवळे डाग, जुनी दुरुस्ती, संपूर्ण कागद पुठ्ठ्यावर चिकटवलेला असणं, हे सगळं टिपून ठेवा. मग खिशातली छोटी अतिनील टॉर्च काढा. साधारण १९५० नंतरच्या कागदांत शुभ्रपणासाठी अशी रसायनं येऊ लागली जी अतिनील उजेडात निळसर चमकतात. अठराव्या शतकाचा म्हणून दाखवलेला कागद असा चमकला तर संभाषण तिथेच संपतं. उलट कागद चमकला नाही, एवढ्यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण आजही अशा रसायनांविना कागद बनतो.

एखादा दोष असलेलं चित्र घेऊच नये असं नाही. चारशे वर्षांच्या कागदाला एक घडी पडलेली असायचीच. दोष माहीत असावा, बिलावर लिहिलेला असावा आणि भावात धरलेला असावा.

पायरी ७: घ्यायचं कुठून आणि कसं

पहिली खरेदी शक्यतो हयात कलाकाराकडून करा. कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं, मुद्राचित्रणाच्या कार्यशाळा, स्टुडिओ. तिथे वरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं समोर उभ्या माणसाकडे असतात, आणि बहुतेक कलाकार प्लेट दाखवून, शाईने काळी झालेली बोटं नाचवत ती आनंदाने देतात. कलाकाराचं गॅलरीशी बांधलेलं नातं असेल तर गॅलरीला वगळून स्वस्तात मागू नका, त्यात तो अडचणीत येतो. गॅलरीत मात्र ‘हप्त्याने देता येईल का’ किंवा ‘थोडं कमी होईल का’ हे विचारण्यात गैर काही नाही.

लिलावात हातोडा पडतो तो आकडा शेवटचा नसतो. त्यावर खरेदीदाराचं शुल्क चढतं, बरेचदा २० ते २५ टक्के किंवा अधिक, आणि वर कर व वाहतूक. आपली कमाल मर्यादा हे सगळं धरून कागदावर लिहून न्या. ऑनलाइन घेताना समासासकट पूर्ण कागदाचा, सहीचा, मागच्या बाजूचा आणि भिंगातून घेतलेला जवळचा फोटो मागा. परत घेण्याची अट लेखी हवी.

प्रमाणपत्राबद्दल एवढंच: ते देणारा कोण, यावर त्याची किंमत. नुसता छापील कागद कुणीही छापतो. त्यापेक्षा माध्यम, वर्ष, आवृत्ती आणि प्रतीची अवस्था स्पष्ट लिहिलेलं, सहीचं बिल मला जास्त मोलाचं वाटतं. ‘लिथोग्राफ’ तोंडी म्हणणाऱ्याला तो शब्द बिलावर लिहायला सांगा आणि त्याचा चेहरा बघा.

पैसे किती हवेत, हा प्रश्न मला सतत विचारला जातो. न्यूयॉर्कचे हर्बर्ट आणि डॉरथी व्होगेल हे जोडपं आठवतं. तो टपाल खात्यात नोकरीला, ती ग्रंथपाल. तिच्या पगारात घर चालायचं, त्याच्या पगारात चित्रं यायची. नियम दोन: परवडलं पाहिजे आणि आपल्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मावलं पाहिजे. तेव्हा फारसं नाव नसलेल्या कलाकारांच्या स्टुडिओत ते जायचे आणि भुयारी रेल्वेने किंवा टॅक्सीने चित्र घरी आणायचे. चार हजारांहून जास्त कामं जमली, आणि १९९२ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टने त्यांचा संग्रह आपल्याकडे घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या संग्रहात रेखाटनं भरपूर होती, कारण त्याच कलाकारांच्या मोठ्या कामांपेक्षा ती परवडायची. तुमच्या आवडत्या चित्रकाराचा कॅनव्हास आवाक्याबाहेर असेल तर त्याचं रेखाटन किंवा मुद्राचित्र शोधा.

गुंतवणूक म्हणून घ्यायचं असेल तर मी सल्ला देणार नाही. बहुतेक चित्रं घेतलेल्या भावाला परत विकली जात नाहीत. आणि चित्र विकत घेतलं म्हणून त्याचा कॉपीराइट तुमचा होत नाही. तो लेखी करार नसेल तर बहुतेक देशांत कलाकाराकडेच राहतो, तेव्हा ते कॅलेंडरवर छापायला काढू नका.

पायरी ८: फ्रेमवाल्याला काय सांगायचं

बजेटमध्ये फ्रेमिंग आधीच धरा. लहान मुद्राचित्राला कधीकधी चित्रापेक्षा फ्रेम महाग पडते, आणि इथे केलेली काटकसर कागद खाते. सांगायच्या गोष्टी अशा: माउंट आणि मागचा पुठ्ठा दोन्ही आम्लरहित, शक्यतो सुती लगद्याचे. चित्र वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांनी, गव्हाच्या खळीने टांगायचं, म्हणजे उद्या पाण्याने सोडवता येईल. चिकटपट्टी नाही. गरम दाबून पुठ्ठ्यावर चिकटवणं तर अजिबात नाही, ‘सुरकुत्या जातील’ असं तो कितीही गोड बोलला तरी. काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये माउंटची जाडी हवी. समास कापायचे नाहीत. हे शेवटचं वाक्य मी चिठ्ठीवर लिहून चित्रासोबत देते, कारण एकदा तोंडी सांगितलं होतं आणि चित्र सहीपुरता समास ठेवून परत आलं.

जागा निवडताना उन्हाची भिंत टाळा, न्हाणीघराची आणि स्वयंपाकघराचीही. अतिनील किरण अडवणारी काच उपयोगी असते, पण दृश्य उजेडही रंग उडवतोच. झालेलं नुकसान साठत जातं आणि परत फिरत नाही. म्हणून संग्रहालयं कागदावरच्या कामांना ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपासच उजेड ठेवतात आणि काही महिन्यांनी ती उतरवून पेटीत विसावू देतात. घरी तेवढा अंधार कोण करणार? मी चित्रं आलटूनपालटून लावते. उतरवलेली आम्लरहित कागदात गुंडाळून, आडवी, सपाट पेटीत. बाहेरच्या गार भिंतीवर फ्रेम लावायची असेल तर मागे कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, हवा खेळते आणि बुरशी धरत नाही. कसर आणि वाळवीसाठी वर्षातून दोनदा प्रत्येक फ्रेम उतरवून मागे बघा.

पायरी ९: त्याच रात्री नोंद करा

चित्र घरी आलं की फ्रेमवाल्याकडे जायच्या आधी पुढून, मागून, सहीचा आणि प्रत्येक दोषाचा फोटो काढा. वहीत लिहा: कलाकार, शीर्षक, माध्यम, कागदाचा आणि प्रतिमेचा आकार वेगवेगळा, प्रतीचा क्रमांक, कोणाकडून घेतलं, कधी, कितीला. बिल, विक्रेत्याची ईमेल, प्रदर्शनाची पुस्तिका, सगळं एका पाकिटात. आधीच्या मालकाचं नाव कळलं असेल तर तेही. जुने संग्राहक कागदाच्या मागे आपला छोटा शिक्का मारायचे, आणि त्या शिक्क्यांचा कोश डच संशोधक फ्रिट्स लुख्टने १९२१ मध्ये काढला. कागद कुणाकुणाच्या हातून गेला हे त्यावरून आजही शोधता येतं. तुम्ही शिक्का वगैरे मारू नका. मऊ पेन्सिलीने, मागे, खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात तुमच्या वहीतला क्रमांक लिहा.

ते ऑफसेटचं पोस्टर अजून माझ्याकडे आहे. वहीत त्याचा क्रमांक १, आणि माध्यमाच्या रकान्यात आता बरोबर शब्द लिहिला आहे.